फोड नेमका कोणत्या थरात? एका निदानाचा दोन शतकांचा इतिहास

१/ त्वचेवर पाण्याचा फोड येण्याची नेहमीची कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत : भाजणे, चप्पल चावणे, कीटकदंश, नागीण, कांजिण्या. परंतु काही माणसांच्या अंगावर यांपैकी काहीही घडलेले नसताना फोड उठू लागतात, फुटतात, उघड्या जखमा मागे ठेवतात आणि पुन्हा नवे उठतात. बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या अशा दोन रुग्णांपैकी एक थोड्याच वर्षांत दगावे, तर दुसरा दीर्घकाळ जगे. हा फरक कशामुळे पडतो, हे समजण्यास वैद्यकाला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. त्या शोधाचा हा धागा.

२/ प्रारंभी त्वचेची रचना ध्यानात घ्यावी लागेल. वरची बाह्यत्वचा म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचे अनेक थर. तिच्याखाली एक अतिशय पातळ आधारपटल असते आणि त्याखाली अंतस्त्वचा. फोड म्हणजे या रचनेत कोठेतरी पडलेली भेग व तिच्यात साचलेला द्रव. भेग बाह्यत्वचेच्या आतच पडली, तर फोडाचे छत पातळ राहते. फोड लिबलिबीत असतो आणि लवकर फुटतो. भेग आधारपटलापाशी पडली, तर संपूर्ण बाह्यत्वचाच छत होते. फोड टणक, ताणलेला राहतो व काही दिवस टिकतो. पुढचा सारा इतिहास ही भेग नेमकी कोठे पडते आणि का पडते, या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

३/ ‘पेम्फिगस’ हा शब्द बुडबुडा किंवा फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आधुनिक वैद्यकात दीर्घकाळ चालणाऱ्या फोडांच्या आजारासाठी तो रूढ केला जर्मनीतील हॅनोव्हरचे वैद्य योहान अर्न्स्ट विखमान यांनी. या विषयावरील त्यांची पुस्तिका १७९१ साली प्रसिद्ध झाली. काही दिवसांत येऊन जाणारे फोड आणि महिनोन् महिने येत राहणारे फोड यांना एकाच मापाने मोजू नये, हा त्यांचा आग्रह होता. आज हे साधे वाटते. मात्र ज्या काळात फोडामागील कारण पाहण्याचे एकही साधन नव्हते, त्या काळात रोगाचा कालावधी हाच वर्गीकरणाचा एकमेव भरवशाचा आधार होता.

४/ तरीही पुढील शंभर वर्षे ‘पेम्फिगस’ हे नाव एखाद्या अडगळीच्या खोलीसारखे वापरले गेले. नवजात बालकांच्या अंगावर जंतुसंसर्गाने आलेले फोड म्हणजे नवजातांचा पेम्फिगस. जन्मजात उपदंशाने आलेले फोड म्हणजे उपदंशजन्य पेम्फिगस. तापात आलेले फोड म्हणजे तापाचा पेम्फिगस. फोड दिसला की हे नाव द्यायचे, अशी जणू रीत पडली. रोगाला नाव मिळत होते. निदान मात्र होत नव्हते.

५/ या अडगळीतून पहिली वस्तू वेगळी काढली ती पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील आल्फे काझनाव यांनी. १८४४ मध्ये त्यांनी एका विशिष्ट प्रकाराचे वर्णन केले. त्यात टपोरे फोड फारसे दिसतच नाहीत. त्वचेचे पापुद्रे वाळलेल्या पानांसारखे सुटत राहतात. म्हणून त्याला ‘पेम्फिगस फोलिएशियस’, म्हणजे पर्णवत् पेम्फिगस, असे नाव मिळाले. या रुग्णांचे तोंड आतून निरोगी राहते. उलट, ज्याला पुढे ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’ म्हटले गेले, त्या प्रकारात बहुधा तोंडातच प्रथम व्रण होतात. हा फरक का असावा, याचे उत्तर मिळण्यास आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

६/ दरम्यान रुग्णांचे काय होत होते? व्हिएन्नात फर्डिनांड फॉन हेब्रा हे युरोपातील आघाडीचे त्वचारोगतज्ज्ञ होते. १८६० च्या दशकात त्यांनी गंभीर भाजलेल्या आणि पेम्फिगसच्या रुग्णांसाठी ‘जलशय्या’ वापरात आणली. कोमट पाणी सतत बदलत राहील अशा टाकीत रुग्णाला दिवसेंदिवस, प्रसंगी आठवडेच्या आठवडे ठेवले जाई. खाणे आणि झोपही तेथेच. अंगावर त्वचेचे आवरण न उरलेल्या माणसाला चादरीचा स्पर्शही सहन होत नसे. पाण्यात निदान वेदना कमी होत. जलशय्येने रोग बरा होत नव्हता. पण ज्या रोगात दुसरे काहीही हाती नव्हते, तेथे वेदनाशमन हाच उपचार होता.

७/ निदानाचे पहिले खरे ‘साधन’ पुढे आले आणि ते होते डॉक्टरांचे बोट. कीव्ह येथील प्योत्र वासिल्येविच निकोल्स्की यांनी काझनाव यांच्या पर्णवत् पेम्फिगसवर प्रबंध लिहिला. १८९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी एक लक्षण नोंदवले : फोडाशेजारच्या, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या त्वचेवर बोटाने दाबून किंचित घासले, तर तिचा वरचा थर खालच्या थरावरून सरकून निघून येतो. निकोल्स्की यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. रोग फक्त फोडापुरता नाही. जेथे फोड दिसत नाही, तेथेही पेशींची परस्परांवरील पकड सुटलेली आहे.

८/ त्याच सुमारास अमेरिकेत वेगळी विभागणी चालू होती. फिलाडेल्फियाचे लुई ड्युरिंग यांनी १८८४ मध्ये अतिशय खाजणाऱ्या, पुंजक्यांनी येणाऱ्या, कोपर-गुडघे-कंबर येथे वारंवार उद्भवणाऱ्या बारीक फोडांचा एक स्वतंत्र आजार मांडला आणि त्याला ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ असे नाव दिले. नावात ‘हर्पीस’ असला, तरी त्या विषाणूशी या आजाराचा संबंध नाही. पुंजक्यांचे दिसणे तेवढे सारखे. पॅरिसमध्ये लुई ब्रॉक यांनीही १८८८ मध्ये अशाच रुग्णांचा सविस्तर विचार केला. आता पेम्फिगसशेजारी दुसरी खोली तयार झाली. पण सीमारेषेवरचे रुग्ण कोणत्या खोलीत ठेवायचे, यावर एकमत नव्हते.

९/ हा वाद केवळ नावांचा नव्हता. लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी पेम्फिगसवर आर्सेनिकचा हिरीरीने पुरस्कार केला. एखादा रुग्ण बरा झाला, की औषधाला श्रेय मिळे. दगावला, की रोगाची तीव्रता कारण ठरे. परंतु बरा झालेला आणि दगावलेला हे दोघे एकाच रोगाचे रुग्ण होते का, हे सांगण्याचा मार्गच नव्हता. मुळातच सौम्य असलेला रोग ‘पेम्फिगस’ या नावाखाली मोजला गेला, तर कोणतेही औषध गुणकारी दिसणार. जोवर निदान काटेकोर नाही, तोवर उपचाराचे मोजमाप खोटे, हा या संपूर्ण इतिहासाचा धडा आहे.

१०/ बोटानंतर पाळी आली सूक्ष्मदर्शकाची. बाह्यत्वचेतील पेशी एकमेकींपासून सुट्या होण्याच्या क्रियेला हाइनरिख आउस्पिट्झ यांनी १८८१ मध्येच ‘अकँथोलिसिस’ असे नाव दिले होते. मात्र तिचे निदानातील महत्त्व ठसवले ते आशिल सिव्हात यांनी. १९४३ साली, जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये, त्यांनी दाखवून दिले की खऱ्या पेम्फिगसमध्ये भेग बाह्यत्वचेच्या आत पडते आणि फोडाच्या पोकळीत सुट्या, गोलाकार पेशी तरंगताना दिसतात. ड्युरिंग यांच्या आजारात तसे होत नाही. तेथे भेग बाह्यत्वचेच्या खाली असते. त्वचेचा पातळ छेद घेऊन आता भेगेचा थर डोळ्यांनी पाहता येऊ लागला.

११/ १९४७ मध्ये आर्नो त्सांक यांनी याच तत्त्वाची एक सोपी, काही मिनिटांची तपासणी रूढ केली. रशियात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थिरावलेले त्सांक रक्तसंक्रमणाच्या क्षेत्रातही अग्रणी होते. रक्ताचे पेशीपरीक्षण त्यांच्या सरावाचे होते. ताजा फोड उघडायचा, त्याचा तळ हलकेच खरवडायचा, ते खरवडलेले काचपट्टीवर पसरून रंगवायचे आणि पाहायचे. पेम्फिगसमध्ये मोठे केंद्रक असलेल्या, गोल, सुट्या पेशी आढळतात. नागीण किंवा हर्पीसमध्ये अनेक केंद्रकांच्या राक्षसपेशी दिसतात. अंतिम निर्णयासाठी ही तपासणी अपुरी पडते. पण जेथे काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढेच आहे, तेथे ती आजही दिशा दाखवते.

१२/ सिव्हात यांचा निष्कर्ष तर्काच्या शेवटापर्यंत नेला वॉल्टर लीव्हर यांनी. जर्मनीत जन्मलेले लीव्हर अमेरिकेत बॉस्टनला त्वचेच्या ऊतींचा अभ्यास करीत. त्वचेच्या सूक्ष्मरचनेवरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये आला आणि पुढे अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. पेम्फिगस म्हणून नोंदलेल्या रुग्णांचे छेद तपासताना त्यांना दोन स्पष्ट गट दिसले. एका गटात पेशी सुट्या झालेल्या. दुसऱ्या गटात पेशी एकमेकींना घट्ट धरून. संपूर्ण बाह्यत्वचाच खालून उचलली गेलेली. हा दुसरा गट बहुतांशी वृद्धांचा होता. फोड टणक, खाज पुष्कळ, तोंडाला फारसा उपद्रव नाही. १९५३ मध्ये लीव्हर यांनी त्याला स्वतंत्र नाव दिले : ‘बुलस पेम्फिगॉइड’, अर्थात पेम्फिगससारखा दिसणारा, परंतु पेम्फिगस नसलेला आजार.

१३/ ही वेळ मोलाची होती. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिझोनचा पहिला वापर सांधेदुखीच्या रुग्णावर झाला आणि लवकरच स्टेरॉइड पेम्फिगसलाही दिली जाऊ लागली. तोवर पेम्फिगस व्हल्गॅरिस हा बहुतेकांसाठी प्राणघातक रोग होता. जंतुसंसर्ग, त्वचेतून होणारा द्रव व प्रथिनांचा ऱ्हास आणि तोंडातील व्रणांमुळे होणारी उपासमार यांनी रुग्ण काही महिन्यांत वा मोजक्या वर्षांत दगावत. स्टेरॉइडमुळे प्राण वाचू लागले. परंतु मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही जीवघेणे होते. कोणाला एवढी मात्रा द्यायची आणि कोणाला कमीत भागेल, हे आता निदानावर ठरणार होते. लीव्हर यांनी केलेल्या विभागणीमुळे हा निर्णय शक्य झाला.

१४/ भेग कोठे पडते, हे कळले होते. का पडते, हे नव्हते. उत्तराच्या वाटेवर एक भारदस्त तत्त्व उभे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी शेळ्यांवर प्रयोग करून पाहिले. एका शेळीला दुसऱ्या शेळीचे रक्त टोचले, तर तिच्या शरीरात त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत; स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध मात्र ती आढळत नसत. शरीर स्वतःला विषारी ठरेल असे काही करण्याचे टाळते, असे त्यांनी मांडले. हा विचार एवढा रुजला की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच अवयवांवर उलटू शकते, ही कल्पना अनेक दशके मागे पडली.

१५/ ते तत्त्व डळमळीत झाले अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात. अर्नेस्ट विटेब्स्की हे एर्लिक यांच्या विचारपरंपरेत वाढलेले. त्यांचे तरुण सहकारी नोएल रोझ यांनी सशांना त्यांच्याच जातीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि त्यांच्या ग्रंथीला इजा झाली. १९५६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी विटेब्स्की आणि सहकाऱ्यांनी एखादा रोग स्वयंप्रतिरक्षित, म्हणजे शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यातून आलेला, ठरवण्याचे निकष मांडले. ज्या तत्त्वावर आपली जडणघडण झाली, त्याविरुद्धचा पुरावा स्वीकारण्याचा हा प्रामाणिकपणा विज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

१६/ प्रतिपिंडे डोळ्यांना दिसावीत कशी? याचे उत्तर हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी आधीच शोधून ठेवले होते. प्रतिपिंडाला एक चमकणारे रंगद्रव्य जोडायचे, ते ऊतीच्या छेदावर सोडायचे आणि अतिनील प्रकाशात पाहायचे. प्रतिपिंड जेथे चिकटेल, तेथे प्रकाश दिसेल. १९४१ मधील त्यांचे पहिले रंगद्रव्य निळे चमकत असे. पण ऊतींना स्वतःचीच निळसर चमक असल्यामुळे फरक कळेना. मग त्यांनी हिरवे चमकणारे फ्लुरोसीन वापरले. रोगजंतूंच्या शोधासाठी जन्मलेली ही युक्ती त्वचारोगांच्या निदानाचा कणा ठरणार होती.

१७/ १९६४ मध्ये बफेलोतच अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दोन्ही धागे एकत्र आणले. पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या रुग्णांचे रक्तद्रव त्यांनी ऊतीच्या छेदावर सोडले. त्यातील प्रतिपिंडे छेदाला चिकटली की नाही, हे चमकत्या रंगद्रव्याने तपासले. अंधारात हिरवी जाळी उजळली : प्रत्येक पेशीभोवती एक रेषा, जणू माशांचे जाळे पसरले आहे. म्हणजे रुग्णांच्या रक्तातच असे काही होते, जे बाह्यत्वचेतील पेशींच्या सांध्यांना जाऊन चिकटत होते. निकोल्स्की यांच्या बोटाला जी सुटलेली पकड जाणवली होती, तिचा संशयित आता समोर उभा होता.

१८/ १९६७ मध्ये याच गटाने बुलस पेम्फिगॉइडच्या रुग्णांचे रक्तद्रव तपासले. येथे जाळी नव्हती. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या सीमेवर, आधारपटलालगत, एकच अखंड हिरवी रेषा चमकत होती. दोन रोग, दोन वेगळी चित्रे. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत विटेब्स्की यांच्याबरोबर वॉल्टर लीव्हर यांचेही नाव आहे. चौदा वर्षांपूर्वी केवळ छेदांच्या निरीक्षणावरून त्यांनी आखलेली सीमारेषा आता अक्षरशः प्रकाशमान झाली होती.

१९/ दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, नेदरलँड्सचे व्हान डर मेर यांनी ड्युरिंग यांच्या आजाराचेही चित्र दाखवले. तेथे अखंड रेषा नव्हती. अंतस्त्वचेच्या वरच्या टोकांशी वेगळ्याच वर्गाच्या, ‘आयजीए’ प्रकारच्या, प्रतिपिंडांचे दाणे विखुरलेले होते. या रुग्णांच्या लहान आतड्यातही बिघाड असतो, हे त्याआधी दिसून आले होते. कालांतराने उलगडा झाला : हा गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिअॅक रोगाचा त्वचेवर उमटलेला चेहरा आहे. ज्याला फोडांचा आजार मानले जात होते, त्याच्या उपचारात गहू वर्ज्य करणे आले. अचूक निदान औषधाबरोबर ताटातले अन्नही बदलू शकते, याचे हे उत्तम उदाहरण.

२०/ शंका मात्र उरलीच होती. घटनास्थळी सापडलेली व्यक्ती गुन्हेगारच असते असे नाही. प्रतिपिंडे फोडाचे कारण होती, की पेशी फाटल्याचा परिणाम? गरोदरपणी पेम्फिगस असलेल्या काही स्त्रियांच्या बाळांच्या अंगावर जन्मतः फोड आढळत आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे सरली की ते आपोआप नाहीसे होत. हा मोठा सूचक पुरावा होता. १९८२ मध्ये ग्रँट अनहाल्ट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली. उंदरांच्या त्वचेवर पेम्फिगससारखेच फोड आले. संशयिताचा गुन्हा सिद्ध झाला.

२१/ नव्या तपासणीने नवी शिस्तही आणली. सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या छेदासाठी ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा लागतो आणि तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. प्रतिपिंडे पाहण्यासाठी मात्र शेजारच्या, फोड न आलेल्या त्वचेचा तुकडा लागतो, कारण फोडाच्या आत ती नष्ट झालेली असू शकतात. शिवाय फॉर्मेलिन येथे चालत नाही. पूर्वी असा तुकडा तत्काळ गोठवावा लागे, म्हणून ही चाचणी मोठ्या प्रयोगशाळांपुरतीच होती. १९७२ मध्ये मिशेल आणि सहकाऱ्यांनी अमोनियम सल्फेटयुक्त असे द्रावण सुचवले, की त्यात तुकडा काही दिवस सुरक्षित राहतो. लहान गावातला नमुना टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवणे शक्य झाले. अशा साध्या सोयीनेच निदान शहराबाहेर पोहोचते.

२२/ आधारपटलावरची ती एकच रेषाही पुढे फसवी निघाली. बुलस पेम्फिगॉइडप्रमाणे आणखी काही रोगांतही तशीच रेषा दिसते. १९८४ मध्ये गॅमन आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख उपाय सुचवला : मीठ. निरोगी त्वचा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवली, की ती आधारपटलाच्या पातळीवर दुभंगते. मग तिच्यावर रुग्णाचे रक्तद्रव सोडायचे. चमक छतावर दिसली, तर बहुधा बुलस पेम्फिगॉइड; तळावर दिसली, तर दुसरा कोणीतरी, उदाहरणार्थ खालच्या नांगर-तंतूंवर हल्ला करणारा आणि उपचारांना चिवटपणे दाद न देणारा रोग. तळावर चमक दिसणाऱ्या आणखी एका प्रकाराचा कर्करोगाशी संबंध आढळला आहे. म्हणून छत की तळ, या उत्तरावर रुग्णाच्या पुढील तपासण्या अवलंबून असतात.

२३/ आता प्रश्न राहिला तो हल्ल्याच्या नेमक्या लक्ष्याचा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मासायुकी अमागाई, व्हेरा क्लाउस-कोव्हटुन आणि जॉन स्टॅन्ली यांनी पेम्फिगस व्हल्गॅरिसमधील लक्ष्य-प्रथिनाचे जनुक वेगळे केले. ते पेशींना पेशींशी जोडणाऱ्या प्रथिनांच्या कुळातले निघाले. त्याला ‘डेस्मोग्लीन ३’ म्हणतात. पर्णवत् पेम्फिगसचे लक्ष्य त्याचेच भावंड, ‘डेस्मोग्लीन १’. तोंडाच्या अस्तराची पकड प्रामुख्याने ‘३’ वर असते; त्वचेच्या वरच्या थरांची पकड ‘१’ वर. म्हणून ‘१’ वरील हल्ल्यात त्वचेचे वरचे पापुद्रे सुटतात, पण तोंड सुरक्षित राहते. काझनाव यांनी १८४४ मध्ये केलेल्या निरीक्षणाचे कारण अखेर सापडले.

२४/ या कथेत एक अनपेक्षित वळणही आहे. बालकांची त्वचा सोलून काढणारा एक जंतुसंसर्ग प्रागच्या रिटर यांनी १८७८ मध्ये वर्णिला होता. त्यातही निकोल्स्कींचे लक्षण दिसते. २००० मध्ये अमागाई आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की त्या जंतूचे विष नेमके डेस्मोग्लीन १ च कापते. म्हणजे पर्णवत् पेम्फिगस आणि बालकांचा हा संसर्ग यांत मारेकरी वेगळे असले, तरी तुटणारा सांधा एकच. जंतुसंसर्गाच्या फोडांनाही ‘पेम्फिगस’ म्हणणाऱ्या जुन्या वैद्यांचे निदान चुकले होते. पण त्यांच्या डोळ्यांना दिसलेले साम्य निराधार नव्हते.

२५/ लक्ष्य-प्रथिने प्रयोगशाळेत बनवता येऊ लागल्यावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एलायझा चाचण्या आल्या. आता रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे आकड्यांत मोजता येतात. त्यामुळे तीन गोष्टी सुकर झाल्या : त्वचेचा तुकडा मिळणे कठीण असेल तेथे निदानाला आधार, रोगाच्या चढउताराचा अंदाज आणि औषध कमी करण्याचा विचार. तरीही आकडा एकटा निर्णय देत नाही. रुग्णाचे चित्र, छेद, चमक आणि आकडा या चार साक्षी जुळल्या, तरच निदान पक्के मानले जाते.

२६/ भारतासाठी हा इतिहास दूरचा नाही. पश्चिम युरोपात या गटात बुलस पेम्फिगॉइड अधिक आढळतो. भारतात मात्र पेम्फिगस व्हल्गॅरिसचे प्रमाण जास्त असून तो तुलनेने कमी वयात गाठतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जे. एस. पसरिचा आणि रामजी गुप्ता यांनी १९८४ मध्ये त्यावर ‘पल्स’ उपचारपद्धती प्रसिद्ध केली : दर महिन्याला सलग तीन दिवस डेक्सामेथासोनची मोठी मात्रा शिरेतून आणि त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड. देशभरातील त्वचारोग विभागांनी ती स्वीकारली. पुढे रिटुक्सिमॅबसारखी, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या मुळावर जाणारी औषधे आली. ही सारी औषधे प्रबळ आहेत. ती चुकीच्या निदानावर देणे आणि योग्य निदान असताना न देणे, दोन्ही सारखेच महागात पडते.

२७/ आजही सर्वांत मोठा विलंब होतो तो पहिल्या पायरीवर. पेम्फिगस व्हल्गॅरिस अनेकदा तोंडातील न भरणाऱ्या व्रणांनी सुरू होतो. ‘तोंड आले आहे’ असे समजून जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मलमे, पथ्ये यांत महिने निघून जातात. अंगावर फोड उठेपर्यंत कोणाला शंका येत नाही. तोंडातील व्रण आठवडेच्या आठवडे भरत नसतील किंवा कारणाशिवाय फोड येत राहत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आणि गरज पडल्यास त्वचेचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या द्रावणांत पाठवणे, हाच या दोन शतकांच्या श्रमाचा व्यवहारातला अर्थ.

२८/ विखमान यांनी काळ मोजला, निकोल्स्की यांनी बोट टेकवले, सिव्हात आणि लीव्हर यांनी छेद पाहिले, ब्यूटनर व जॉर्डन यांनी अंधारात जाळी उजळवली, गॅमन यांनी मीठ वापरले, अमागाई आणि स्टॅन्ली यांनी सांधा ओळखला. यांतील कोणतेही साधन पुढच्या साधनाने मोडीत काढले नाही. निकोल्स्की यांचे बोट आणि त्सांक यांची काचपट्टी आजही बाह्यरुग्ण विभागात पहिली शंका उपस्थित करतात. चमकणारी रेषा ती पडताळते. हेब्रा यांच्या जलशय्येतील रुग्णाला कोणता रोग आहे, हे त्याच्या वैद्यालाही खात्रीने सांगता येत नव्हते. आज ते सांगता येते आणि त्यामुळेच पेम्फिगस हा शब्द मृत्यूची सूचना न राहता, उपचार करता येण्याजोग्या रोगाचे नाव झाला आहे.

(धागा समाप्त)